उद्या बोंबील येणार नाही

या लिहिण्यात पहिला मान टीचरचा. त्या नसत्या तर मी हे लिहिलंच नसतं, आणि लिहिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. नाव घालू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "नाव कशाला? सर्वनाम शिकवलंय ना तुला? ते वापर." म्हणून त्या इथं फक्त 'त्या', नाहीतर टीचर. बोळिंजच्या आमच्या सोसायटीत, गेटला लागून तळमजल्यावर राहतात. वसईकडच्या आपल्या गावच्या शाळेत लहान पोरांना शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, आता मुलाकडे असतात. गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे. सगळी बिल्डिंग त्यांना टीचर म्हणते, त्यांची सूनसुद्धा.

मी इथला वॉचमन. माझं गाव चंद्रपूरच्याही पुढं, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मोहाची झाडं असलेलं. शाळा सहावीत सुटली. मी सोडली नाही. शाळा नाल्याच्या पलीकडे होती आणि पावसाळ्यात नाला भरला. तो उतरला तोवर मी गुरं राखायला लागलो होतो, आणि गुरांनी मला परत शाळेत काही जाऊ दिलं नाही.

इथं गेटवर बसण्यात मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे पंपाच्या बाजूची खोली. खोली छोटी, पंप चालू झाला की भिंत थरथरते, पण कमिटीनं कबूल केलं होतं की दिवाळीनंतर बायको आणि पोरीला घेऊन ये. गेट टिकलं तर खोली टिकणार, आणि खोली टिकली तर घर होणार. तेव्हापासून मी गेटवर असा बसायचो जसं काही गेटच कुणी उचलून नेईल.

मग सेक्रेटरी बदलले.

जुने सेक्रेटरी नोटीस स्वतः लिहायचे. नवे साहेब पहाटेच ऑफिसला निघायचे आणि परत यायचे तेव्हा त्यांच्यात बोलायचीही ताकद नसायची. त्यांनी एक पद्धत काढली. आमच्याकडे नोटीस म्हणजे पाण्याचीच. दुसरं काही इथं इतक्या वेळा घडतच नाही. तेव्हा त्यांनी एक मजकूर छापून घेतला, त्याच्या झेरॉक्स काढल्या, प्रत्येकीवर सही ठोकली, शिक्का मारला आणि सगळा गठ्ठा माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. मजकूर असा:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या ______ येणार नाही. तरी सर्वांनी आपापल्या ______ आजच भरून ठेवाव्यात व ______ वापर जपून करावा. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "मी फोन करणार, तू फक्त रिकाम्या जागा भरायच्या. फिल इन द ब्लँक्स. शाळेत केलं असशील ना?"

"हाव जी," मी म्हणालो. शाळेत रिकाम्या जागा खूप होत्या, पण त्या गैरहजर पोरांच्या.

पहिला फोन आला आणि मी मन लावून नोटीस भरली. माझ्या मते रिकामी जागा म्हणजे आपल्याला जे सांगायचं ते सगळं सांगायची जागा. सकाळी बोर्डावर लागलं: "उद्या साहेब बोलले पाणी येणार नाही. तरी सर्वांनी आपापल्या बादल्या ड्रम टोप जे असेल ते आजच भरून ठेवाव्यात व भांडण नको वापर जपून करावा."

संध्याकाळी साहेब बोर्डासमोर उभे राहिले. "'भांडण नको वापर'? अरे, ही नोटीस आहे का धमकी?"

"मागच्या वेळी नळावर भांडण झालं होतं जी, म्हणून..."

"हे बघ. वार्षिक सभेत मी विषय घेणार आहे. एजन्सीकडे दहावी पास पोरं पडलीत. सभेपर्यंत बघतो, नाहीतर बदलून घेतो. पर्सनल नाही हां."

बदली म्हणजे एजन्सी टाकेल तिकडे. कुठल्या तरी गोदामाच्या फाटकावर, जिथं खोली नाही, पंप नाही आणि पोरगीही नाही.

दुसऱ्या दिवशी टीचर चर्चमधल्या सकाळच्या मिस्सावरून, म्हणजे प्रार्थनेवरून, परत आल्या. रोज येता येता त्या बोर्ड वाचतात. छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय त्यांचा पाय पुढं पडत नाही. मी पाठीमागे उभा. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं चक्कर आली, म्हणून मी खुर्ची घेऊन धावलो. त्या हसत होत्या.

"कोणी भरलं हे?"

"मी जी. चुकलं का जी?"

"चुकलं नाही रे, सांडलं. जागा आहे पेल्याएवढी, तू अख्खी कळशी ओतलीस." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू थांबलं. "काय झालं?"

मी सगळं सांगितलं. सभा, दहावी पास पोरं, खोली, दिवाळी. बोलताना मी मध्ये मध्ये "अरे बापा", "अरे देवा" म्हणत होतो. टीचर ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुझ्याकडे केवलप्रयोगी अव्ययं भरपूर आहेत. बाकीची सात आणू आपण. दुपारी गेट शांत असतं ना?"

अशी माझी शाळा परत सुरू झाली. ह्या वेळी शाळाच प्लास्टिकची खुर्ची घेऊन माझ्याकडे आली.

टीचरची शिकवण्याची रीत गेटवरची होती. "जे गेटवर थांबवता येतं ते नाम," त्या म्हणायच्या. "दूधवाला, कुरिअर, टँकर. थांबवलं की ते जे करतं ते क्रियापद. दूधवाला काय करतो?"

"चिडतो जी."

"बरोबर. कसा चिडतो?"

"रोज चिडतो."

"क्रियाविशेषण. आणि तो माणूस कसा आहे?"

मी इकडेतिकडे बघितलं. "सांगू का जी? त्याला कळलं तर?"

"विशेषण द्यायला घाबरायचं नाही. नोटिशीत वापरायला घाबरायचं."

सर्वनाम म्हणजे बदलीचा वॉचमन; नाम रजेवर गेलं की त्याच्या खुर्चीत बसतं, पगार नामाचाच. उभयान्वयी म्हणजे दोन विंगांमधला पॅसेज. शब्दयोगी म्हणजे आमच्या गेटवरचा तांबडा कुत्रा, एकटा कधी दिसत नाही, कुणाच्या तरी मागं चिकटलेला. हे मला असं पाठ झालं की अजूनही तो कुत्रा दिसला की मनात "खाली, वर, मागे, पुढे" सुरू होतं.

बायकोचा फोन आला, "का करून राहिले?"

"विशेषणं करून राहिलो."

मग म्हणाली, "जेवले का तुम्ही? खरं सांगा."

ह्या "करून राहिलो"वर बिल्डिंगीतली पोरं हसायची. मी टीचरना विचारलं, हे चूक आहे का. त्या म्हणाल्या, "चूक कसं? ते तुझ्या गावचं आहे. माझ्या घरात आम्ही जी वसईची बोली बोलतो ती मी इथं बोलले ना, तर हे सगळे माझ्याकडे असे बघतील जसं मी गोव्यावरून पोहत आले. ही नोटिशीची मराठी मीपण शिकूनच घेतली आहे. घरची घरी बोल, बोर्डावर बोर्डाची लाव." त्या दिवशी मला बरं वाटलं. मला वाटायचं, इथले सगळे ही मराठी पोटातूनच घेऊन येतात.

मग त्यांनी खेळ काढला. गठ्ठ्यातल्या काही झेरॉक्स तिरक्या आल्या होत्या. साहेबांनी त्यांच्यावरही सही ठोकली होती, कारण सही करताना ते कागदाकडे बघत नसत. मी त्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. टीचर म्हणाल्या, आण त्या. कागद माझ्यापासून लपवून धरायच्या आणि नुसते शब्द मागायच्या. कुठं भरणार ते सांगायच्या नाहीत.

"एक नाम. पुल्लिंगी. खाण्याचं."

"लाडू."

"एक नाम, स्त्रीलिंगी, अनेकवचन."

"म्हशी."

"आता एक नाम, पण त्याला षष्ठीचा प्रत्यय लावून दे."

"साहेबांचा."

मग चष्मा सारखा करून, बातम्यांच्या आवाजात वाचायच्या: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या लाडू येणार नाही. तरी सर्वांनी आपापल्या म्हशी आजच भरून ठेवाव्यात व साहेबांचा वापर जपून करावा."

मी इतका हसलो की येणाऱ्या रिक्षाला गेट उघडायचं विसरलो. पण हसता हसता एक गोष्ट ध्यानात बसली. शब्द वेडा असला तरी वाक्य उभं राहत होतं, कारण त्या जागेत त्या जातीचाच शब्द बसला होता. आणि मी मुद्दाम चुकीच्या जातीचा शब्द दिला, म्हणजे "म्हशी"च्या जागी "हळूहळू", की वाक्य लंगडायचं आणि मला ते कानानं कळायचं. हळूहळू मी खऱ्या नोटिसाही नीट भरायला लागलो. साहेब एकदा बोर्डासमोर थांबले आणि काही न बोलता गेले. मी ते दोनदा तपासलं, खरंच काही बोलले नाहीत.

आता बोंबलाचं सांगतो. आमच्या गावाकडे बाजारात बोंबील मिळतो तो सुका, काडीसारखा, भिंतीत खिळा म्हणून ठोकता येईल असा. इथं अर्नाळ्याहून एक मावशी टोपली घेऊन आमच्या गेटवर येते. तिच्या टोपलीत पहिल्यांदा ओला बोंबील बघितला तेव्हा मला वाटलं, ह्याला काहीतरी झालंय. मावशी म्हणाली, "त्याला काय नाय झालं, तुलाच झालंय. घरच्या सुक्यावर वाढलेला तू." तेव्हापासून बोंबील माझ्या डोक्यात पक्का बसला. म्हणून त्या दुपारी टीचर म्हणाल्या, "एक मासा", तर मी विचार न करता म्हणालो, "बोंबील."

"एक नातं. स्त्रीलिंगी, अनेकवचन."

"सासवा."

"एक नातं, पुल्लिंगी, षष्ठी."

"जावयाचा."

त्या दिवशी टीचर म्हणाल्या, तूच भर, तुझं अक्षर सुधारलंय. मी चांगल्या अक्षरात भरलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला: उद्या पाणी नाही, नोटीस लाव. मी खणातून सरळ झेरॉक्स काढली, तीही चांगल्या अक्षरात भरली: पाणी, टाक्या, पाण्याचा. एकदम बरोबर. मग स्कूल बस आली, एक बाई कुलूप अडकलं म्हणून ओरडायला लागल्या, मी कागद आणि डिंक उचलून बोर्डाकडे धावलो, चिकटवलं आणि कुलपाकडे धावलो.

बोर्डावर लागलं होतं: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या बोंबील येणार नाही. तरी सर्वांनी आपापल्या सासवा आजच भरून ठेवाव्यात व जावयाचा वापर जपून करावा. गैरसोयीबद्दल क्षमस्व." खाली सही, शिक्का.

दुसऱ्या गावात लोक हसले असते. पण आमच्या भागात "उद्या येणार नाही" एवढं वाचलं की माणूस पुढचं वाचत नाही, धावतो. पाणी येणार नाही, वीज येणार नाही, टँकर येणार नाही. हे सगळं सोसून सोसून लोकांच्या पायात एक सवय भरली आहे. काय येणार नाही हे बघायचं, आणि ते आजच साठवायचं. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि बोंबील साठवायला घेतले.

मावशी आली तेव्हा गेटवर गर्दी. कधी मासळीला हात न लावणारे एक काका पिशवी उघडून उभे होते. "द्या, जास्त द्या, उद्या नाही ना."

मावशी चकित, पण हात थांबेनात. टोपली गेटवरच रिकामी झाली. मग तिनं मला विचारलं, "उद्या काय आहे रे? संप आहे?"

"उद्या पाणी नाही मावशी."

"मग हे लोक बोंबील का भरतात?"

एका बाईनं बोर्डाकडे बोट दाखवलं. मावशीला वाचता येत नाही, त्या बाईनंच वाचून दाखवलं. मी तिथंच उभा होतो. पहिल्याच वाक्याला मला कळलं, खेळातला कागद बोर्डावर गेला होता.

"कोन बोल्ला मी येनार नाय?" मावशी कडाडली. "माझा नवरा दर्यात, मी इथं, आणि तुमचा कागद मला घरी बसवतो? उद्या येते बग. दोन टोपल्या घेऊन येते!"

मी कागद फाडला, खरी नोटीस लावली. पण आता कोण वाचतं? वाचायचं ते लोकांनी वाचलं होतं, फोटोही काढून पाठवले होते.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही. मावशी आली, दोन टोपल्या घेऊन, बोंबलांनी भरलेल्या. कुणी घेईना, कारण प्रत्येक घरात कालचे होते, आणि घरातले धुवायला पाणी नव्हतं. कारण पाणी कुणी भरलंच नव्हतं. दुपारपर्यंत जिन्यात असा वास सुटला की चौथ्या मजल्यावरचे शुद्ध शाकाहारी खाली येऊन मलाच विचारायला लागले की हे किती दिवस चालणार. मला विचारतात! दुसऱ्या विंगेत एक जावई सासुरवाडीला येऊन राहिला होता. तो दिवसभर दिसला नाही. नंतर कळलं, सासूबाई त्याला सारख्या म्हणत होत्या, "तुम्ही बसा, तुमचा वापर जपून करायचाय."

सभा पुढच्याच रविवारी होती, मिस्सावरून लोक परत आल्यावर, पार्किंगमध्ये. मी खुर्च्या लावल्या आणि शेवटच्या खुर्चीमागे उभा राहिलो, जसं कोंबडं सुरीकडे बघत उभं राहतं.

साहेबांनी विषय घेतला. फाटलेली नोटीस चिकटपट्टीनं जोडून आणली होती. "हे बघा. सोसायटीची काय इज्जत राहिली? बाकीच्या कॉम्प्लेक्समध्ये माझ्यावर जोक्स चालू आहेत. मी एजन्सीशी बोललोय. दहावी पास माणूस उद्यापासून येऊ शकतो."

मी खाली बघत होतो. मला पंपाच्या खोलीची भिंत दिसत होती.

अध्यक्ष म्हातारे, हळू बोलणारे. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "ही सही कोणाची?"

सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं.

"म्हणजे... ती आधीच केलेली," साहेब म्हणाले. "सोयीसाठी."

"न वाचता?"

"वाचायला काही नव्हतंच ना त्यात तेव्हा."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. टीचर काठी टेकवत उभ्या राहिल्या. "अध्यक्षसाहेब, अक्षर त्याचं, सही ह्यांची, आणि शब्द मागितले मी. तिघांनी मिळून लिहिलेली नोटीस आहे. बदलायचं तर तिघांना बदला. मला कुठल्याही गोदामावर टाका, फक्त खुर्ची द्या."

"टीचर, तुम्ही कशाला मध्ये..."

"मध्ये नाही, मी पहिल्यापासून आहे. चूक झाली, कागद बदलला. पण तो आज नोटीस लिहू शकतो का नाही, हा विषय आहे ना? मग लिहून घ्या. इथंच. छापलेली नको, कोऱ्या कागदावर."

मला त्या वेळी टीचरचा राग आला, हे खरं सांगतो. छापलेल्यात निदान बाकीचे शब्द आधीच उभे असतात. अध्यक्षांनी कोरा कागद पुढं केला. "लिही. मंगळवारी टाकी साफ करणार आहेत, दुपारपर्यंत पाणी बंद."

मी खुर्चीच्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं. माझे ओठ हलत होते. थांबवता येतं ते नाम. काय करतं? बंद राहतं. कधी? दुपारपर्यंत. माणसांनी काय करायचं? सगळी पार्किंग माझ्या ओठांकडे बघत होती, आणि तांबडा कुत्रा माझ्या पायाला चिकटून बसला होता.

अध्यक्षांनी मोठ्यानं वाचलं: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की मंगळवारी पाण्याची टाकी साफ केली जाणार असल्यामुळे दुपारपर्यंत पाणी बंद राहील. तरी सर्वांनी सोमवारीच पाणी भरून ठेवावे." थांबले. कागद उलटा करून बघितला, पाठीमागे काही आहे का म्हणून.

मग जिन्यातल्या वासानं खाली आलेले ते चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "बोंबील आहेत ना पण मंगळवारी?"

पार्किंग फुटली. साहेबही हसले, नाइलाजानं आधी, मग खरंच. म्हणाले, "ठीक आहे, राहू दे. पण आता कोऱ्यावर सही नाही. लिहून आधी मला दाखवायचं." ते अजून तसंच चालू आहे. मी लिहितो, ते सकाळी निघताना वाचतात, सही करतात आणि धावतात. एकदा त्यांनीच एक शब्द विचारला. मी सांगितला आणि दिवसभर कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो आहे.

दिवाळीनंतर बायको आणि पोरगी आल्या. पंप चालू झाला की पोरगी भिंतीला कान लावते. बायको मावशीकडून बोंबील घेते आणि मला म्हणते, सुका बरा होता. मावशीनं मला माफ केलंय, पण टोपली उतरवताना रोज विचारते, "उद्या येऊ ना रे? कागद बगून सांग."

टीचर अजून दुपारी खुर्ची आणतात. आता शब्द माझी पोरगी देते. मी खेळात कधी कधी आमच्याकडचे शब्द टाकायचो, बांधी, मोहा, तेंदूची टेंभरं. टीचर लिहिता लिहिता थांबायच्या. "हे मी बघितलं नाही रे. मी कधी इतक्या लांब गेलेच नाही. ही मोह्याची फुलं पडतात ती कशी पडतात? विशेषण दे." आणि मला विशेषण सुचायचं नाही. ते देता येत नाही, तिथं पहाटे झाडाखाली उभं राहावं लागतं.

म्हणून टीचर, हे लिहून ठेवतो आहे, बोर्डावर लावल्यासारखं. एके वर्षी मोह्याच्या दिवसांत मी तुम्हाला माझ्या गावी नेणार. तुमचे गुडघे आणि माझी रजा, दोन्ही मी जमवीन. तिथं झाडाखाली मी खुर्ची टाकीन, माझी आई तिच्या बोलीत बोलेल आणि तुम्हाला मधले मधले शब्द कळणार नाहीत. त्या रिकाम्या जागा तुम्ही भरायच्या. तुमचं सांडलं तर मी हसेन, पण खुर्ची घेऊन धावत येईन.